क्रूझची केबिन कशी निवडायची आणि निघण्याआधी काय तयारी करायची

क्रूझचं बुकिंग करायला बसलं की पहिला प्रश्न येतो केबिनचा: आतली, खिडकीची, बाल्कनीची की सुइट? नवखा प्रवासी बजेट बघतो, फोटो बघतो, एक प्रकार ठरवतो आणि पुढच्या पानावर जो क्रमांक आधी दिसेल तो घेऊन मोकळा होतो. माझं ठाम मत आहे की प्रकाराइतकाच, किंबहुना जास्त, विचार क्रमांकाचा करावा. जहाजाच्या मधल्या भागातली साधी आतली केबिन शांत झोप देते आणि चुकीच्या जागेवरची महागडी बाल्कनी रोज भल्या पहाटे उठवते. पैसे वाढवून जागेचा दोष जात नाही. म्हणून या लेखात केबिनच्या जागेबद्दल सविस्तर लिहिलं आहे आणि त्यानंतर निघेपर्यंतची तयारी क्रमाने दिली आहे.

आधी मार्ग, मग केबिन

केबिनकडे वळण्याआधी प्रवासाचा कार्यक्रम नीट वाचा. त्यात दोन प्रकारचे दिवस असतात. काही दिवस जहाज सकाळी बंदराला लागतं आणि संध्याकाळी निघतं. बाकीचे दिवस दिवसभर समुद्रातच जातात, त्यांना ‘सी डे’ म्हणतात. भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या सहलीत बहुतेक रोज नवं बंदर असतं. सकाळी उतरायचं, दिवसभर पायपीट करायची आणि जेवून झोपायचं, एवढाच वेळ मिळतो. अशा सहलीत बाल्कनी घेतली तरी तिथे बसणं फारसं होत नाही. उलट अटलांटिक ओलांडणाऱ्या सहलीत सलग सहा-सात दिवस पाणीच पाणी असतं, आणि नॉर्वेच्या फियॉर्डमध्ये (उंच कड्यांमधल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांत) किंवा अलास्काच्या किनाऱ्याने जाताना पाहण्यासारखं सगळं जहाजावरूनच दिसतं. तिथे बाल्कनीचे पैसे वसूल होतात.

मोसमही याच वेळी बघून घ्या. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. त्या काळात कॅरिबियनला जाऊ नये असं नाही. भाडं कमी असतं आणि जहाज वादळाला वळसा घालून जातं. मात्र वळसा घालणं म्हणजे ठरलेली बंदरं बदलणं. असा बदल करायचा अधिकार कंपनीला करारानेच दिलेला असतो. एकाच ठरावीक बंदरासाठी जीव अडकला असेल तर दुसरा महिना निवडा.

जाहिरातीतली बंदराची नावं नकाशावर तपासायलाही विसरू नका. ‘रोम’ लिहिलेलं असतं तेव्हा जहाज सिव्हितावेकियाला लागतं आणि तिथून रोम सुमारे ७० किलोमीटर लांब आहे. ‘पॅरिस’साठी जहाज ल हाव्रला थांबतं, तिथून पॅरिस जवळजवळ २०० किलोमीटर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो. व्हेनिसमध्ये तर ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना जुन्या शहरासमोरून जायला बंदी आहे, त्यामुळे अनेक जहाजं मार्गेरा, ट्रिएस्ट किंवा रावेन्नाला लागतात. बंदरात आठ तास थांबा असला आणि त्यातले चार-पाच तास रस्त्यात गेले, तर शहर किती बघून होईल हे आधीच कळलेलं बरं.

केबिनचे प्रकार

आतल्या केबिनला खिडकी नसते. ती सगळ्यात स्वस्त, साधारण १५० ते १८० चौरस फुटांची, आणि दिवा मालवला की मिट्ट काळोख. हलक्या झोपेच्या लोकांना हा काळोख फार मानवतो. पण सकाळ झालेली कळत नाही, म्हणून टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल आवाज बंद करून लावून ठेवावं. रात्री तोच मंद दिवा होतो आणि पहाट झाली की पडद्यावर उजाडलेलं दिसतं. ज्यांना बंद खोलीत गुदमरल्यासारखं होतं त्यांनी मात्र स्वस्त मिळते म्हणून ही घेऊ नये.

खिडकीच्या केबिनमध्ये उजेड येतो, पण खिडकी उघडत नाही. खालच्या डेकवर (डेक म्हणजे जहाजाचा मजला) बहुधा गोल किंवा लहान खिडकी असते, वर मोठी काच. इथे एक शब्द बारकाईने शोधा: ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’. याचा अर्थ खिडकीसमोर काहीतरी आडवं आहे, आणि ते बहुतेक वेळा लाइफबोट असते. काही ठिकाणी बोटीच्या टपावरून अर्धा समुद्र दिसतो, काही ठिकाणी नारिंगी भिंतीपलीकडे काही नाही. उजेड हवा आणि दृश्याची फिकीर नाही अशांना या केबिन स्वस्तात पडतात.

बाल्कनीबद्दल वर लिहिलंच. भर एवढीच की सगळ्या बाल्कन्या सारख्या नसतात. अगदी पुढच्या टोकाच्या बाल्कनीत जहाज चालू असताना वारा इतका असतो की बसवत नाही. काही बाल्कन्यांचा कठडा काचेऐवजी पोलादाचा असतो, त्यामुळे खुर्चीत बसल्यावर समोर भिंत येते. सगळ्यात मागच्या टोकाच्या बाल्कनीतून जहाजामागे उमटत जाणारा फेसाचा पट्टा दिसतो आणि वाराही कमी लागतो. या केबिनला चाहते फार, त्यामुळे त्या लवकर संपतात.

सुइटमध्ये जागा मोठी आणि सोबत सवलती मिळतात: चढताना-उतरताना वेगळी रांग, काही कंपन्यांत वेगळं जेवणघर. पहिल्या प्रवासाला त्याची गरज आहे असं मला वाटत नाही.

भाडं दर माणशी लिहिलेलं असतं आणि ते खोलीत दोघे राहणार हे धरून काढलेलं असतं. एकट्याने जाणाऱ्याला बऱ्याचदा दोघांचं भाडं भरावं लागतं. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने २०१० साली ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजावर एकट्यासाठी छोट्या केबिन आणल्या. आता आणखीही कंपन्यांकडे त्या मिळतात, पण थोड्या असतात. एकटे जाणार असाल तर जहाज ठरवण्याआधी हे विचारा. तिघे-चौघे एका केबिनमध्ये राहणार असतील तर बाकीचे पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येणारे असतात. ज्येष्ठ माणसाला त्या शिडीवर चढावं लागणार नाही ना, ते बघा. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी रुंद दाराच्या आणि उंबरा नसलेल्या न्हाणीघराच्या केबिन असतात. त्यांची संख्या मोजकी असल्याने बुकिंग उघडताच घ्याव्या लागतात.

डेक प्लॅन वाचायला शिका

कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक डेकचा नकाशा मिळतो. तो उघडून फक्त आपल्या केबिनचा डेक बघणं पुरेसं नाही. तीन नकाशे लागतात: आपला, त्याच्या वरचा आणि त्याच्या खालचा. निवडलेल्या क्रमांकाच्या बरोबर वर काय आहे आणि बरोबर खाली काय आहे, ते शोधायचं. वरही केबिन, खालीही केबिन, अशी मधली केबिन मिळाली की निम्मी चिंता मिटली.

समजा नकाशावर तुमची केबिन अकराव्या डेकवर आहे. डेक उंच, बाल्कनी मोठी, फोटो सुंदर. वरच्या डेकचा नकाशा उघडला तर तिथे पोहण्याचा तलाव आणि आरामखुर्च्या. आता पहाटेचं चित्र डोळ्यांसमोर आणा. उजाडण्याआधी कर्मचारी डेक धुतात. मग रात्री रचून ठेवलेल्या खुर्च्या ओढून रांगेत मांडतात. प्रत्येक खुर्चीचे पाय लादीवरून खरखरत जातात आणि तो आवाज पोलादातून थेट तुमच्या छताला येतो. हे रोज होतं आणि त्यात कुणाची चूकही नसते. तक्रार केली तरी जहाज भरलेलं असेल तर दुसरी केबिन मिळत नाही.

बुफेच्या खाली ट्रॉल्यांची चाकं. व्यायामशाळेच्या खाली वजनं आपटल्याचा दणका. धावण्याच्या पट्ट्याखाली सकाळी लवकर पावलांची धपधप. नाट्यगृहाच्या किंवा डिस्कोच्या वर असाल तर गाणं नीट ऐकू येत नाही, पण त्याचा ठोका उशीत उतरतो आणि तो मध्यरात्रीनंतरही चालतो. नकाशावर एखादा भाग पांढरा, नाव नसलेला दिसला तर तो रिकामा आहे असं समजू नका. तिथे बहुधा स्वयंपाकघर, धुलाईची जागा किंवा कर्मचाऱ्यांची ये-जा असते.

खालच्या डेकवर अगदी पुढे केबिन घेतली तर वेगळा आवाज असतो. जहाजाच्या पुढच्या भागात पाण्याखाली आडवे पंखे बसवलेले असतात, त्यांना बो थ्रस्टर म्हणतात. धक्क्याला लागताना जहाज बाजूला सरकवायला ते सुरू होतात. जहाजं सहसा पहाटे सहा-सातला बंदरात येतात, म्हणजे घरघर आणि थरथर सुरू होते तीही तेव्हाच. नांगर टाकताना साखळीचा खडखडाट त्याच बाजूला. ज्यांना त्या वेळी उठून बंदरात शिरतानाचं दृश्य बघायचंच असतं त्यांना याचा त्रास वाटत नाही, इतरांना वाटतो.

आपल्या डेकवर दोन गोष्टी बघा. लिफ्टच्या अगदी समोरची केबिन टाळा. रात्री गटागटाने परतणारे लोक तिथेच उभे राहून गप्पा मारतात. पण लिफ्टपासून फार लांबही जाऊ नका. ‘आयकॉन ऑफ द सीज’ या २०२४ साली सुरू झालेल्या जहाजाची लांबी सुमारे ३६५ मीटर आहे आणि त्याला २० डेक आहेत. एवढ्या जहाजावर टोकाची केबिन म्हणजे गुडघेदुखी असणाऱ्याची दिवसातून चार वेळा परीक्षा. लिफ्टपासून सात-आठ दारं सोडून घेतलेली केबिन चांगली. दुसरी गोष्ट म्हणजे दोन केबिन जोडणारं मधलं दार. नकाशावर त्यासाठी छोटी खूण असते. कुटुंबाने शेजारशेजारच्या दोन केबिन घेतल्या तर ते दार सोयीचं, पण पलीकडे अनोळखी माणसं असतील तर त्यांचा टीव्ही, त्यांचं भांडण आणि त्यांचं बाळ सगळं ऐकू येतं.

डेक मोजताना गोंधळू नका. अनेक जहाजांवर तेरावा डेकच नसतो, बाराव्यानंतर चौदावा येतो. एमएससी या क्रूझ कंपनीच्या काही जहाजांवर सतरावा नसतो, कारण इटलीत सतरा हा आकडा अशुभ मानतात.

बाजू कोणती घ्यावी, हे एकाच दिशेने जाणाऱ्या सहलीत महत्त्वाचं ठरतं. व्हॅंकूव्हरहून उत्तरेला अलास्काकडे जाणाऱ्या जहाजात किनारा बराचसा उजव्या हाताला राहतो. परतीच्या दिशेच्या सहलीत तो डाव्या हाताला येतो. निघालेल्या बंदरातच परत येणाऱ्या सहलीत मात्र याचा फार विचार करू नये. हिमनदीसमोर जहाज सहसा सावकाश गोल फिरतं आणि दोन्ही बाजूंना दृश्य मिळतं.

बोट लागण्याची भीती

जहाज दोन मुख्य प्रकारे हलतं. पुढचं टोक वर जातं तेव्हा मागचं खाली जातं, हा एक प्रकार. डावी-उजवीकडे डोलणं, हा दुसरा. बागेतल्या सी-सॉच्या फळीसारखं बघा: टोकांना सगळ्यात जास्त हालचाल, मधे कमीत कमी. म्हणून लांबीच्या मध्यावरची आणि पाण्याच्या जवळची, म्हणजे खालच्या डेकवरची केबिन सर्वांत स्थिर. आधुनिक जहाजांच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. त्यांनी डोलणं बरंच कमी होतं, पुढे-मागे वरखाली होणं मात्र फारसं थांबत नाही. पुढच्या टोकाची केबिन टाळायचं खरं कारण हेच.

उलटी होण्यामागचं कारण साधं आहे. आतल्या कानाला हालचाल कळते आणि डोळ्यांसमोरच्या भिंती स्थिर दिसतात. दोन्हींचा मेळ बसत नाही म्हणून मळमळ. त्यामुळे त्रास सुरू झाला की खोलीत पडून मोबाइल बघणं सगळ्यात वाईट. उघड्या डेकवर, शक्यतो जहाजाच्या मध्याजवळ यावं आणि क्षितिजावर नजर ठेवावी. पोट अगदी रिकामं ठेवू नये. आल्याने काहींना आराम पडतो.

गोळ्यांमध्ये मेक्लिझिन आणि डायमेनहायड्रिनेट जास्त वापरतात, आणि त्या त्रास सुरू व्हायच्या आधी घेतल्या तर उपयोगी पडतात. दोन्हींनी झोप येऊ शकते. स्कोपोलामिनची पट्टी कानामागे लावतात. ती किमान चार तास आधी लावायची असते आणि तीन दिवस काम करते, पण तोंड कोरडं पडणं, नजर धूसर होणं असे त्रास होऊ शकतात आणि काचबिंदू असणाऱ्यांना ती धोक्याची ठरू शकते. यातलं काहीही घ्यायचं असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि शक्य झालं तर घरी असतानाच एकदा घेऊन बघा. बऱ्याच जणांना मोठ्या जहाजावर काहीच होत नाही. तरीही फ्रान्स-स्पेनजवळचा बिस्केचा उपसागर किंवा अंटार्क्टिकाच्या वाटेवरचा ड्रेक पॅसेज असेल तर औषध सोबत हवंच.

पैसे भरण्याआधी

‘गॅरंटी केबिन’ नावाचा एक स्वस्त पर्याय दिसेल. त्यात तुम्ही फक्त प्रकार निवडता आणि क्रमांक कंपनी नंतर देते. निवडला त्यापेक्षा खालचा प्रकार मिळत नाही, कधी वरचाही मिळतो. पण आतापर्यंत वाचलेलं सगळं या पर्यायात तुमच्या हातातून जातं. वाट्याला लिफ्टसमोरची केबिन येईल किंवा तलावाखालची. झोपेबद्दल हळवे असाल तर घेऊ नका.

रद्द करण्याचे नियम नीट वाचा. उरलेली रक्कम भरायची एक शेवटची तारीख असते, बहुधा निघण्याच्या दोन-तीन महिने आधीची. तोवर रद्द केल्यास नुकसान थोडं होतं, त्यानंतर दर आठवड्याला वाढत जातं.

गरोदर स्त्रियांसाठी बहुतेक मोठ्या कंपन्यांचा नियम असा की प्रवास संपेपर्यंत २४ आठवडे पूर्ण होणार असतील तर चढू देत नाहीत. बाळ किमान सहा महिन्यांचं हवं. महासागर ओलांडणाऱ्या लांबच्या सहलीत बारा महिन्यांचं.

प्रवास विमा घ्याच, आणि त्यात समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला आहे का ते बघा. जहाजावर दवाखाना आणि डॉक्टर असतात, पण त्यांचं बिल भरावं लागतं आणि नेहमीच्या आरोग्य विम्यात ते बसेलच असं नाही. खरा मोठा खर्च हेलिकॉप्टरने किंवा परक्या बंदरात उतरवून विमानाने हलवावं लागलं तर होतो.

कागदपत्रं

पासपोर्ट प्रवास संपल्यानंतर किमान सहा महिने चालू असावा. व्हिसा प्रत्येक थांब्याच्या देशाचा तपासायचा. ‘मी त्या बंदरात उतरणारच नाही’ म्हटलं तरी व्हिसा लागू शकतो आणि तो नसेल तर पहिल्याच बंदरात चढू देत नाहीत.

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागणाऱ्यांसाठी एक सापळा आहे. जहाज ग्रीसहून निघालं, तुर्कस्तानातल्या कुशादासीला गेलं आणि परत ग्रीसमध्ये आलं, तर तुम्ही शेंगेन क्षेत्रात दोनदा प्रवेश केला. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा अशा वेळी पुरत नाही. अर्ज करतानाच बहुप्रवेशाचा मागा आणि सोबत क्रूझचा पूर्ण कार्यक्रम जोडा.

ऑनलाइन चेक-इन उघडलं की लगेच करून टाका. त्यात बंदरावर पोहोचण्याची वेळ निवडायची असते आणि लवकर करणाऱ्यांना सोयीची वेळ मिळते. सामानाच्या चिठ्ठ्या तिथूनच छापून घ्या. सगळ्या कागदांची एक प्रत वेगळ्या बॅगेत ठेवा, एक फोनमध्ये.

सामान

केबिनच्या भिंती पोलादाच्या असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक त्यांना घट्ट चिकटतात. टोप्या, ओले पोहण्याचे कपडे, ओळखपत्राची दोरी, सगळं त्यांवर टांगता येतं. छोट्या खोलीत यासारखी उपयोगी वस्तू नाही. रिकाम्या बॅगा पलंगाखाली जातात, म्हणून कडक आणि खूप उंच बॅग नको.

विजेचे पॉइंट कमी असतात, जुन्या जहाजांवर तर एखाद-दोनच. तरीही घरातली एक्स्टेन्शन कॉर्ड नेऊ नका. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर रोखणारा भाग) असलेल्या पट्ट्या जहाजावर चालत नाहीत, कारण जहाजाची वीजव्यवस्था घरासारखी अर्थिंग केलेली नसते आणि अशी पट्टी तापून पेट घेऊ शकते. अनेक कंपन्या कोणतीही एक्स्टेन्शन कॉर्ड जप्त करतात. अनेक यूएसबी खाचा असलेला चार्जर पुरतो. इस्त्री, किटली, मेणबत्ती यांनाही बंदी असते. समुद्रावर आगीइतकं मोठं संकट दुसरं नाही आणि याबाबतचा काटेकोरपणा योग्यच आहे.

कपड्यांचा फार विचार करू नका. एक-दोन संध्याकाळी नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो, तेवढा ठेवा. डेकवर वारा असतो म्हणून गरम प्रदेशातही एक जाकीट हवं, आणि ओल्या डेकवर न घसरणारी चप्पल.

मोठी बॅग धक्क्यावर दिली की ती केबिनच्या दारात संध्याकाळपर्यंत येते. त्यामुळे हातातल्या बॅगेत पासपोर्ट, सगळी औषधं, चार्जर, चष्मा, मौल्यवान वस्तू आणि पोहण्याचे कपडे ठेवा. औषधं मोठ्या बॅगेत अजिबात नकोत, आणि ती प्रवासाच्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवसांची जास्त घ्या.

चढण्याचा दिवस

विमानाने जाणार असाल तर बंदराच्या शहरात आदल्या दिवशी पोहोचा. हॉटेलची एक रात्र वाढते, पण विमान चार तास उशिरा आलं तरी सहल बुडत नाही. चेक-इन जहाज निघायच्या तास-दीड तास आधी बंद होतं, त्यानंतर आलेल्याला आत घेत नाहीत.

चढल्यावर पहिलं काम म्हणजे मस्टर ड्रिल. संकटाचा भोंगा ऐकू आला की कुठे जमायचं आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं, हे त्यात शिकवतात. सात आखूड भोंगे आणि त्यानंतर एक लांब, ही ती खूण. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्यातूनच पुढचे नियम आले. तरी १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं तेव्हा त्याच संध्याकाळी सिव्हितावेकियात चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालेलं नव्हतं. चढल्यापासून २४ तासांत ते घेतलं तरी त्या वेळी नियमात बसत होतं. त्या अपघातात ३२ जण गेले. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला: ड्रिल जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी झालंच पाहिजे. आता बऱ्याच जहाजांवर सुरक्षेची फिल्म फोनवर बघून नेमलेल्या जागी हजेरी लावायची असते. ती फिल्म खरोखर बघा. मग केबिनपासून त्या जागेपर्यंत लिफ्ट न वापरता एकदा चालून बघा, मुलांनाही सोबत न्या.

त्यानंतर केबिनमध्ये जाऊन नळ, एसी, तिजोरी तपासा. काही बिघडलं असेल तर पहिल्याच दुपारी सांगा. खाण्याची पथ्यं बुकिंगच्या वेळी कळवलेली असली तरी जेवणघराच्या प्रमुखाला पुन्हा भेटून सांगावीत.

जहाजावरचे पैसे आणि फोन

जहाजावर रोख चालत नाही. एका कार्डावर सगळं लिहिलं जातं आणि शेवटी बिल येतं. अनेक कंपन्यांत दर माणशी दर दिवसाची टीप त्यात आपोआप धरतात, ती भाड्याशिवाय वेगळी. पेयांचं पॅकेज घ्यायचं तर बऱ्याचदा त्या केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं. बिल रोज टीव्हीवर किंवा ॲपवर बघत जा.

धक्का सुटताच फोन एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रावर जहाजाचं उपग्रहावरचं मोबाइल नेटवर्क असतं. फोन त्याला आपणहून जोडला जातो आणि ते रोमिंग प्रचंड महाग पडतं. इंटरनेट हवंच असेल तर वाय-फायचं पॅकेज निघण्याआधी घ्या, तेव्हा ते स्वस्त मिळतं.

बंदरात उतरताना

जहाजाचं घड्याळ आणि बंदराचं घड्याळ नेहमी सारखं नसतं. उतरताना दारात लिहिलेली परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाने असते, आणि फोन मात्र किनाऱ्यावर आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा. परतीच्या वेळेच्या किमान तासभर आधी धक्क्यावर या. कंपनीने काढलेली सहल उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय कंपनी करते. स्वतः टॅक्सी करून गेलेल्यांसाठी थांबत नाही, मग पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं. म्हणून रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवरचा बंदरातल्या एजंटचा नंबर फोटो काढून जवळ ठेवा. लांबच्या शहरासाठी मी कंपनीचीच सहल सुचवेन. बंदराजवळच भटकायचं असेल तर स्वतः फिरलेलं चांगलं.

काही ठिकाणी धक्का नसतो. जहाज नांगर टाकून उभं राहतं आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात, याला ‘टेंडर’ म्हणतात. समुद्र खवळला तर असं बंदर सर्वांत आधी रद्द होतं. हलत्या बोटीत पाऊल टाकावं लागत असल्याने गुडघ्याचा किंवा तोलाचा त्रास असणाऱ्यांनी हे थांबे आधीच हेरून ठेवावेत.

पोटाच्या विकारांबाबत एकच सांगतो: बुफेला जाण्याआधी साबणाने हात धुवा. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही, साबण आणि पाण्याचा होतो. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर लपवू नका, लगेच दवाखान्यात कळवा.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा शेवटच्या रात्री चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात, कर्मचारी त्या रात्रीतून खाली नेतात. सकाळी घालायचे कपडे, चपला, औषधं आणि पासपोर्ट त्याआधी बाजूला काढा. स्वतःच्या बॅगा स्वतः उचलून उतरायची मुभाही बहुतेक जहाजांवर असते आणि त्यांना सगळ्यात आधी सोडतात. तिजोरी उघडून बघा, चुंबकाचे हुक भिंतीवरून काढा. बिलात काही चुकलं असेल तर ते रात्रीच मिटवा, सकाळी त्या काउंटरवर लांब रांग असते. जहाज सकाळी सहा-सातला लागलं तरी सगळे उतरेपर्यंत नऊ-दहा वाजतात, म्हणून परतीचं विमान दुपारनंतरचंच घ्या.